पोक्रोव्स्की दरवाजा: एका स्वयंपाकघरात नांदलेलं मॉस्को



माझ्यासारखा फौजी माणूस रशियन सिनेमावर बोलायला बसला की रणगाडे, खंदक आणि बर्फातली माघार यांच्यापलीकडे गाडी जात नाही, अशी तुमची समजूत झाली असेल. म्हणून आज मुद्दाम एक विनोदी चित्रपट घेतला आहे. यात लढाई आहे, पण ती एका घटस्फोटित नवऱ्याच्या ताब्यासाठी. रणभूमी आहे मॉस्कोतलं एक सामाईक घर.

चित्रपटाचं नाव 'पक्रोव्स्किये वरोता', म्हणजे 'पोक्रोव्स्की दरवाजा'. 1982 साली मोसफिल्मने तो टेलिव्हिजनसाठी बनवला. दोन भाग आहेत, एकूण लांबी सव्वादोन तासांच्या आसपास. दिग्दर्शक मिखाईल कोझाकोव्ह, लेखक लिओनिद झोरिन. झोरिनने आधी नाटक लिहिलं आणि 1974 मध्ये कोझाकोव्हनेच ते मॉस्कोच्या मालाया ब्रोन्नाया रंगमंचावर बसवलं होतं. जानेवारी 1983 मध्ये चित्रपट सोव्हिएत दूरदर्शनवर लागला आणि हळूहळू असा रुजला की त्यातले संवाद आजही रशियन माणसं घरगुती बोलण्यात म्हणींसारखे वापरतात.

आधी नावाचं बघू. आपल्या पुण्यात जशा पेशवाईतल्या वेशी गेल्या पण नावं उरली, तसंच हे. जुन्या मॉस्कोभोवती 'पांढरं शहर' नावाच्या भागाची तटबंदी होती. तिला दरवाजे होते, त्यातला एक पोक्रोव्स्की. अठराव्या शतकात तट पाडला गेला आणि त्याच्या जागी झाडांचे रुंद रस्ते आले. दरवाजा नाही, पण चौकाचं नाव तेच राहिलं. जवळच चिस्तिये प्रुदी हा तलाव आहे. हिवाळ्यात तो गोठतो आणि त्यावर लोक स्केटिंग करतात. चित्रपटात हा सगळा परिसर जिवंत आहे.

गोष्ट 1956-57 सालची. कोस्तिक नावाचा इतिहासाचा विद्यार्थी संशोधनासाठी मॉस्कोत येतो आणि आपल्या मावशीच्या, अलिसा विताल्येव्ह्नाच्या, खोलीत राहतो. खोलीत म्हणतो आहे, घरात नाही. कारण त्या घरात इतरही बिऱ्हाडं आहेत. एक आहे वेल्यूरोव्ह, रंगमंचावर विनोदी कवनं म्हणणारा, उतारवयाकडे झुकलेला कलावंत. तो एका तरुण जलतरणपटूच्या प्रेमात पडला आहे. दुसरा खोबोतोव्ह. हा परदेशी कवितेत बुडालेला, भिडस्त, स्वतःचं बूड स्वतःला न सांभाळता येणारा संपादक. तिसरी मार्गारिता पावलोव्ह्ना, म्हणजे खोबोतोव्हची घटस्फोट झालेली बायको. आणि चौथा साव्वा इग्नात्येविच, नक्षीकाम कोरणारा कारागीर, युद्धावर जाऊन आलेला सैनिक आणि मार्गारिताचा होणारा नवरा.

आता पेच असा. खोबोतोव्हचं ल्युदोच्का नावाच्या एका साध्या नर्सवर प्रेम बसतं. पण मार्गारिता ते होऊ देत नाही. तिला तो नवरा म्हणून नको आहे, पण तो स्वतःच्या मर्जीने वाऱ्यावर जावा हेही तिला मंजूर नाही. त्याला सांभाळायची जबाबदारी आपली, असं तिला मनापासून वाटतं. नवीन घर मिळायची वेळ येते तेव्हाही माजी नवऱ्याला बरोबर न्यायचा तिचा बेत असतो. साव्वा बिचारा सरळमार्गी. तोही खोबोतोव्हची आपुलकीने काळजी घेतो. अखेर कोस्तिक आणि त्याचा मोटरसायकलवाला मित्र साव्रान्स्की मिळून खोबोतोव्ह आणि ल्युदोच्का यांना अक्षरशः पळवून नेतात. मोटरसायकल निघून जाते आणि मार्गारिता मागे राहते.

मराठी वाचक इथे पहिला प्रश्न विचारेल: घटस्फोट झाला, तर ही बाई त्याच घरात का? निघून का जात नाही?

हा प्रश्न म्हणजेच चित्रपटाची किल्ली आहे. तिथे जायला जागाच नव्हती.

1917 च्या क्रांतीनंतर, 1918 च्या ऑगस्टमध्ये, शहरांतल्या घरांची खासगी मालकी रद्द झाली. श्रीमंतांच्या आणि मध्यमवर्गाच्या मोठमोठ्या घरांत सरकारने इतर कुटुंबं आणून बसवली. या प्रकाराला रशियन भाषेत जो शब्द होता त्याचा अर्थ 'घट्ट करणं', 'दाटी करणं' असा होतो. सहा-सात खोल्यांचं एका डॉक्टरचं किंवा वकिलाचं घर. आता प्रत्येक खोलीत एक कुटुंब. स्वयंपाकघर एकच, संडास एक, न्हाणीघर असलंच तर एक, आणि मधला लांबलचक बोळ सगळ्यांचा. हीच 'कोमुनाल्का'. माणशी राहायची जागा किती असावी याचा मापदंड होता 9 चौरस मीटर. दहा फूट बाय दहा फूट खोलीपेक्षाही थोडी कमी. आणि हे कागदावर. पुढे उद्योगीकरणात खेड्यांतून लोंढे आले, मग युद्धात शहरंच्या शहरं उद्ध्वस्त झाली, आणि प्रत्यक्षात वाट्याला येणारी जागा त्याहूनही आक्रसली.

शिवाय मनात आलं म्हणून दुसऱ्या शहरात जाता येत नसे. 1932 पासून देशांतर्गत पासपोर्ट आणि राहण्याच्या पत्त्याची सरकारी नोंद सुरू झाली. मॉस्कोची नोंद म्हणजे सोनं. खोली विकता येत नसे, कारण ती तुमची नसे. फक्त अदलाबदल करता येई. दोन छोट्या खोल्या देऊन एक मोठी घ्या, किंवा एक मोठी देऊन वेगवेगळ्या ठिकाणच्या दोन घ्या. त्यासाठी रस्त्यावरच्या फलकांवर चिठ्ठ्या लावाव्या लागत. म्हणून काडीमोड झालेली जोडपी वर्षानुवर्षं एकाच घरात राहत. कधी तर एकाच खोलीत, मध्ये कपाट किंवा पडदा लावून. झोरिनने मार्गारिता आणि खोबोतोव्ह यांना एका घरात ठेवलं ते विनोदासाठी रचलेलं वाटतं, पण त्या काळच्या मॉस्कोत ते रोजचं होतं.

तुमच्यापैकी जे मुंबईच्या चाळीत वाढले, किंवा बडोद्यात, इंदुरात, ग्वाल्हेरात वाड्यातल्या बिऱ्हाडांत, त्यांच्या डोक्यात लगेच तुलना सुरू झाली असेल. सामाईक नळ, सामाईक संडास, गॅलरीतून चाललेल्या उखाळ्यापाखाळ्या. साम्य आहेच. पण एक फरक लक्षात घ्या, त्यावाचून हा चित्रपट नीट कळणार नाही. चाळ बांधली जाते तीच अनेक कुटुंबांसाठी. प्रत्येकाची खोली छोटी असेल, पण चूल आपापली. कोमुनाल्कात एका कुटुंबाचं घर फोडून अनेकांना दिलेलं असतं. घराची मूळ मालकीणबाईही कधी कधी तिथेच एका खोलीत उरलेली असते, आणि तिच्या पूर्वीच्या दिवाणखान्यात आता अनोळखी लोक झोपत असतात. आणि चूल! एका स्वयंपाकघरात चार-पाच टेबलं, प्रत्येक कुटुंबाचं एक. प्रत्येकाचा स्टोव्ह वेगळा. गॅस आला तेव्हा त्याच्या बर्नरांचीही वाटणी झाली. कुणाच्या पातेल्यात काय शिजतंय ते सगळ्यांना दिसायचं.

दाराबाहेर घंटेपाशी यादी असायची: अमक्यासाठी एकदा वाजवा, तमक्यासाठी दोनदा, तिसऱ्यासाठी एक लांब आणि एक आखूड. कित्येक घरांत संडासात प्रत्येक कुटुंबाचा दिवा वेगळा आणि बटणही वेगळं, ते आपापल्या खोलीत, म्हणजे वीज कुणाची जळली यावर वाद नको. बोळ झाडायची पाळी भिंतीवर लिहिलेली. टेलिफोन एकच, तोही बोळात, आणि आजूबाजूच्या भिंतीवर पेन्सिलीने खरडलेले नंबर. चित्रपटात कोस्तिक या टेलिफोनला चिकटलेला असतो आणि त्याची प्रेमप्रकरणं सगळं घर ऐकतं. हसू येतं, कारण लपवण्यासारखं काही शिल्लकच नाही.

या घरांवर रशियन लेखकांनी फार आधीपासून लिहिलं. झोश्चेन्कोच्या कथांत स्वयंपाकघरातल्या क्षुल्लक वस्तूंवरून हाणामाऱ्या होतात. इल्फ आणि पेत्रोव्ह यांच्या 'सोन्याचं वासरू' या 1931 च्या कादंबरीत एका भाडेकरूला सगळे शेजारी मिळून फोडून काढतात. त्याचा गुन्हा काय, तर तो संडासातला दिवा मालवायला विसरतो. बुल्गाकोव्हच्या 'मास्टर आणि मार्गारिता'मध्ये तर सैतान स्वतः मॉस्कोच्या लोकांची पाहणी करतो आणि घरांच्या टंचाईने ही माणसं बिघडली आहेत असा निष्कर्ष काढतो.

पण यापेक्षाही गडद बाजू आहे. पातळ भिंतीपलीकडे शेजारी, आणि एक निनावी पत्र पुरेसं. स्टालिनच्या काळात शेजाऱ्याने शेजाऱ्याची चुगली केली, त्याला अटक झाली आणि त्याची खोली चुगलखोराला मिळाली, असे प्रकार घडले. सगळेच शेजारी असे नव्हते. पोरकी झालेली मुलं सांभाळणारे, पाव वाटून खाणारे शेजारीही होते. पण आपला शेजारी कोणत्या जातीचा हे आधी कळायला मार्ग नव्हता. म्हणून लोक कुजबुजत बोलत.

मग प्रश्न पडतो: असल्या घराबद्दल एवढा गोड, एवढा हळवा चित्रपट कसा निघाला? हा खोटेपणा आहे का?

मला रशियन भाषा शिकावी लागली ती नोकरीच्या निमित्ताने. आपल्या सैन्यात तेव्हा सोव्हिएत बनावटीची सामग्री मोठ्या प्रमाणावर होती आणि तांत्रिक पुस्तिका वाचायला माणसं लागत. भाषेबरोबर सिनेमा आला. हा चित्रपट मी बऱ्याच वेळा पाहिला आहे आणि माझं उत्तर असं: तो खोटा नाही, पण तो घराविषयी नाहीच. तो एका वर्षाविषयी आहे.

1956 च्या फेब्रुवारीत ख्रुश्चेव्हने पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात बंद दाराआड भाषण करून स्टालिनच्या अत्याचारांचा पाढा वाचला. छावण्यांतून माणसं परत येऊ लागली. या काळाला रशियन लोक 'बर्फ वितळण्याचा काळ' म्हणतात. 1957 च्या उन्हाळ्यात मॉस्कोत जागतिक युवक महोत्सव भरला. 131 देशांतून सुमारे 34 हजार तरुण आले. परदेशी माणसाशी बोलणंसुद्धा ज्या शहरात धोक्याचं होतं, तिथे रस्त्यावर नाचगाणी झाली. आणि 31 जुलै 1957 ला घरबांधणीचा मोठा निर्णय निघाला: येत्या दहा-बारा वर्षांत घरांची टंचाई संपवायची. मॉस्कोच्या कडेला नोव्हिये चेर्योमुश्की इथे नमुना वसाहत उभी राहत होतीच. लिफ्ट नसलेल्या पाच मजली इमारती, कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती, सहा चौरस मीटरच्या आसपासचं स्वयंपाकघर. कोट्यवधी लोक अशा घरांत गेले. लोकांनी त्या बुटक्या घरांची थट्टा केली, पण दार स्वतःचं होतं. आणि गंमत पाहा, त्या एवढ्याशा स्वयंपाकघरांतच साठच्या दशकात रशियन माणसं मित्रांबरोबर मोकळं बोलायला शिकली.

चित्रपटाच्या हवेत जी उमेद आहे ती या वर्षाची. हा उजेड एकरंगी नव्हता हेही सांगायला हवं. त्याच 1956 च्या शरदात सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते. चित्रपट त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. दूरदर्शनवर लागायचं असेल तर काढता येणारही नव्हता.

आणि पाहणारे लोक कोणत्या वर्षात होते? ब्रेझनेव्ह नोव्हेंबर 1982 मध्ये वारला आणि चित्रपट पडद्यावर आला तो दोन-अडीच महिन्यांनी. देश थिजलेला, अफगाणिस्तानात युद्ध चालू. अशा वेळी पंचविशीतली ती उमेद आठवणं म्हणजे हळूच विचारणं होतं, त्या उमेदीचं काय झालं? चित्रपटाच्या सुरुवातीला आणि अखेरीला मध्यमवयीन कोस्तिक दिसतो. त्याच्या भूमिकेत दिग्दर्शक कोझाकोव्ह स्वतः आहे. समोर ते जुनं घर पाडलं जातंय. तरुण कोस्तिक झालेला ओलेग मेनशिकोव्ह तेव्हा जेमतेम बाविशीचा होता. त्याचं हसू आणि कोझाकोव्हचा थकलेला चेहरा, या दोघांच्या मध्ये जे आहे तो खरा विषय.

मधून मधून बुलात ओकुद्झावाची गाणी येतात, त्याच्याच आवाजात, गिटारवर. या माणसाचा बाप 1937 मध्ये गोळी घालून मारला गेला आणि आईने छावण्यांत वर्षं काढली. सोव्हिएत प्रेक्षकाला हे ठाऊक होतं. त्यामुळे जे पटकथेत लिहिता येत नव्हतं ते नुसत्या आवाजातून पोहोचत होतं.

आणखी एक जागा आहे, आणि फौजी म्हणून मी तिथे दर वेळी थांबतो. साव्वा इग्नात्येविच एके ठिकाणी 'लिली मार्लेन' गातो. हे मूळचं जर्मन गाणं. 1941 पासून बेलग्रेडच्या रेडिओवरून ते वाजू लागलं आणि खंदकाच्या दोन्ही बाजूंच्या शिपायांनी ऐकलं. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेल्या ब्रिटिश फौजेतही ते लाडकं झालं, आणि त्या फौजेत आपल्या पलटणीही होत्या. बर्लिनपर्यंत लढलेल्या पिढीतला रशियन सैनिक शत्रूचं गाणं हळवेपणाने गातो, यात मला काही नवल वाटत नाही. लढलेल्या माणसाला द्वेष टिकवून धरणं जड जातं. नवल पुढेच आहे. साव्वाच्या तोंडी जे रशियन शब्द आहेत ते जोसेफ ब्रॉड्स्कीच्या रूपांतराचे. ब्रॉड्स्कीला 1972 मध्ये देश सोडायला लावलं होतं आणि 1982 मध्ये त्याचं नाव पडद्यावर येणं शक्य नव्हतं. नाव आलं नाही, शब्द मात्र आले. पाच वर्षांनी, 1987 मध्ये, त्याला नोबेल मिळालं.

आता पुन्हा मार्गारिताकडे येऊ. ही भूमिका इन्ना उल्यानोव्हाने अशी केली आहे की तिचा राग येतो आणि तिला दोषही देता येत नाही. ती दुष्ट नाही. ती कर्तबगार आहे, खोबोतोव्हला खाऊपिऊ घालते, त्याच्या तब्येतीची काळजी करते. ती जे सांगते ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. फक्त एक गोष्ट तिला मान्य नाही: आपल्या आयुष्यात चुका करायचा हक्क त्या माणसाचा स्वतःचा आहे. कोस्तिक तिला एकदा सांगतो की कुणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध सुखी करता येत नाही. एवढं साधं वाक्य. पण ज्या देशाच्या सरकारने साठहून अधिक वर्षं हेच काम अंगावर घेतलं होतं, तिथल्या प्रेक्षकाला ते कसं ऐकू आलं असेल याची कल्पना करा. घर कुठे मिळेल, कुठल्या गावात राहायचं, काय वाचायचं, कुणाशी बोलायचं, हे सगळं तुमच्या भल्यासाठी दुसराच कुणी ठरवतोय. मार्गारिता म्हणजे सरकार, असं गणित मांडायची गरज नाही. ती एक बाई म्हणूनच पुरेशी खरी आहे. पण ज्याला ऐकायचं होतं त्याने ऐकलं.

हे आपल्यालाही लागू आहे का? मी सैन्यात आयुष्य काढलं. तिथे दुसऱ्याच्या वतीने ठरवणं हे कामच असतं, आणि लढाईत ते आवश्यकही असतं. अडचण घरी येते. निवृत्तीनंतर मी पाहिलेल्या कित्येक अधिकाऱ्यांच्या घरांत मार्गारिता पावलोव्ह्ना मिशा लावून बसलेली आहे. मुलाने काय शिकावं, सुनेने कुठे नोकरी करावी, सगळं प्रेमापोटीच. आणि आपल्या सगळ्याच एकत्र कुटुंबांत प्रेम कुठे संपतं आणि ताबा कुठे सुरू होतो, ही रेघ पुसटच असते. साव्वासारखा भला माणूसही त्या ताब्याला हातभार लावतो, हे या चित्रपटाचं सगळ्यात बारीक निरीक्षण आहे.

जुन्या घरांच्या आठवणींबद्दल एक शेवटचा मुद्दा. रशियन माणसाला विचारा, पुन्हा कोमुनाल्कात राहाल का? तो हात जोडेल. सेंट पीटर्सबर्गमध्ये आजही अशी हजारो सामाईक घरं आहेत आणि तिथले रहिवासी स्वतंत्र घराची वाट बघत असतात. तरी चित्रपट लागला की तेच लोक डोळे पुसतात. आपणही चाळीच्या गोष्टी काढून हळवे होतो, पण संडासापुढच्या रांगेत परत उभं राहायला कुणी तयार नसतो. आठवण येते ती घराची नाही. ज्या वयात पुढचं सगळं मोकळं दिसत होतं त्या वयाची येते, आणि कुणीतरी आपली हाक ऐकत होतं याची येते. कोझाकोव्हला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने घर वाचवलं नाही. कॅमेऱ्यासमोर ते पाडू दिलं.

चित्रपट बघाल तेव्हा एक गोष्ट करा. पात्रांचे चेहरे बघून झाले की दारांकडे लक्ष द्या. कोण कुणाच्या खोलीत न विचारता शिरतं, कोण दार वाजवतं, आणि कुणाला दार लावून घ्यायची सोय आहे. निम्मी गोष्ट तिथेच सांगितलेली आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर, जय हिंद.